हरत्या मॅनेजरच्या बाजूने

२६ फेब्रुवारी २०२२, शनिवार दुपार. उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात, एलंड रोडच्या मैदानावर टॉटनहॅमने अर्ध्या तासाच्या आत तीन गोल केले आणि सामना तिथेच संपला. पुढे चौथाही झाला. तीन दिवस आधी लिव्हरपूलने सहा ठोकले होते, त्याच्या तीन दिवस आधी मँचेस्टर युनायटेडने चार. फेब्रुवारीच्या पाच सामन्यांत लीड्स युनायटेडने २० गोल खाल्ले. प्रीमियर लीगमध्ये एका महिन्यात इतके गोल त्याआधी कुठल्याच संघाने खाल्ले नव्हते. मोसमाअखेर खालच्या विभागात ढकलल्या जाणाऱ्या तीन जागांपासून लीड्स आता फक्त दोन गुण दूर उरलं होतं.

अशा दुपारी प्रेक्षक काय करतात हे सांगायला नको. शिट्ट्या वाजतात, पाऊण तास शिल्लक असतानाच खुर्च्या रिकाम्या व्हायला लागतात, मॅनेजरला नारळ द्या म्हणून ओरडा होतो. त्या दुपारी एलंड रोडवर मात्र सामना हातातून गेल्यावरही मार्सेलो बिएल्साच्या नावाचा गजर चालू राहिला. ज्याच्या डावपेचांनी संघाची ही गत झाली होती, त्याचंच नाव लोक गात होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, क्लबने त्याला काढून टाकलं.

त्या गजराला भाबडेपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि अनेक जाणत्या फुटबॉल समीक्षकांनी तेच केलं. मला ते पटत नाही. हरणाऱ्या मॅनेजरच्या मागे उभा राहणारा चाहता आंधळा असतो हे गृहीतच चुकीचं आहे. गुणतक्ता त्याला मालकापेक्षा जास्त पाठ असतो. तो उभा राहतो, कारण क्लबकडून त्याला जे हवं असतं त्यातला बराच भाग गुणतक्त्यात मावत नाही, आणि तो भाग त्याला देणारा, निदान तसा प्रामाणिक प्रयत्न करणारा, संपूर्ण क्लबमध्ये बहुधा एकच माणूस असतो.

लीड्सचे लोक स्वभावानेच भोळे असं कुणी म्हणत असेल तर त्याने या क्लबचा इतिहास पाहावा. १९७४ मध्ये ब्रायन क्लफसारख्या मॅनेजरला याच क्लबने ४४ दिवसांत घरी पाठवलं. हाच क्लफ पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला जाऊन १९७९ आणि १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. ती झाली जुनी गोष्ट. बिएल्सा यायच्या आधीची चार-पाच वर्षं तर याहून वाईट होती. मास्सिमो चेलिनो या इटालियन मालकाच्या काळात मॅनेजर इतक्या वेगाने बदलले की चाहत्यांना नावं लक्षात ठेवणं अवघड झालं. डार्को मिलानिच ३२ दिवस टिकला. सहा सामने, एकही विजय नाही. त्याच्या आधीचा डेव्ह हॉकाडे ७० दिवस. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत खेळलेला हा क्लब कर्जात बुडाला, २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली गेला, त्याच वर्षी त्याने स्वतःचं मैदान आणि सरावाची जागा विकून टाकली, आणि २००७ मध्ये तर तिसऱ्या विभागात जाऊन पडला. मॅनेजर बदलला की दिवस पालटतात हा प्रयोग लीड्सच्या लोकांनी इतरांपेक्षा जास्त वेळा पाहिला होता. त्यातून काय हाती लागतं हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. २०२२ मधला त्यांचा गजर या अनुभवातून आलेला होता.

निष्ठेच्या बाजूने बोलणारी मंडळी एक वेगळंच उदाहरण देतात, आणि ते मला जास्त घातक वाटतं. ते म्हणजे ॲलेक्स फर्ग्युसन. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये तो मँचेस्टर युनायटेडला आला, तीन वर्षं हाती काही लागलं नाही, सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीकडून १-५ असा मार खाल्ला, डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्याला निरोप देणारा फलक झळकला. मग जानेवारी १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला, त्या मोसमात एफए कप मिळाला आणि पुढे तेरा लीग विजेतेपदं. तात्पर्य म्हणून सांगितलं जातं, धीर धरा, फळ मिळतं. हल्ली यात आर्सेनलच्या मिकेल आर्टेटाची भर पडली आहे. सलग दोन मोसम आठवा क्रमांक, २०२१-२२ च्या सुरुवातीला तीन पराभव आणि गुणतक्त्यात तळ, आणि त्यानंतर लागोपाठ तीन मोसम दुसरा क्रमांक.

या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांच्यातून निघणारा अर्थ खोटा आहे. पहिलं म्हणजे, १९८९ मध्ये फर्ग्युसनच्या मागे उभे राहिले ते संचालक. स्टँडमधल्या लोकांचा धीर सुटला होता, तो फलक त्याचीच साक्ष आहे. दुसरं म्हणजे, धीर धरून काहीच न मिळालेल्या क्लबांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, या तर्काने निष्ठेला गुंतवणूक करून टाकलं. आज सोसा, उद्या परतावा मिळेल. असा हिशेब करणारा माणूस परतावा दिसेनासा झाला की पैसे काढून घेतो, आणि त्यात त्याचं चुकतही नाही. टॉटनहॅमविरुद्ध चार गोल खाऊन गाणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कुठलाही परतावा नव्हता. बिएल्सा ६६ वर्षांचा होता, एकेका वर्षाचा करार करायचा, आणि त्या मोसमानंतर तो थांबेल याची खात्री कुणालाच नव्हती. तरी ते गात होते. गुंतवणुकीच्या भाषेत याचं उत्तर सापडत नाही.

क्लबवरची निष्ठा आणि मॅनेजरवरची निष्ठा यांत फरक करायला हवा. क्लब जन्माने मिळतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालीम मंडळांच्या संघांचे सामने ज्याने पाहिले आहेत त्याला हे वेगळं समजावून द्यावं लागणार नाही. पेठ ठरली की संघ ठरला. आजोबा ज्या बाजूला उभे राहून ओरडायचे त्याच बाजूला नातू उभा राहतो, आणि संघ हरला म्हणून कुणी पेठ बदलत नाही. लीड्सचंही तसंच. मॅनेजर मात्र बाहेरून येतो. तो परगावचा असतो, बिएल्साच्या बाबतीत तर अर्जेंटिनातल्या रोसारिओचा, आणि त्याला इंग्रजीही बेताचंच यायचं. पत्रकारांशी तो दुभाष्यामार्फत बोलायचा. त्याच्यावरची माया वारशाने मिळत नाही. ती त्याला कमवावी लागते, आणि म्हणूनच ती कशी कमावली जाते हे पाहण्यासारखं आहे.

जून २०१८ मध्ये बिएल्सा लीड्सला आला तेव्हा संघ दुसऱ्या विभागात मध्यावर रेंगाळत होता. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने चौकशी केली, आपल्या एका सामान्य प्रेक्षकाला तिकिटाचे पैसे मिळवायला किती तास काम करावं लागतं? उत्तर आलं, साधारण तीन तास. मग त्याने खेळाडूंना तीन तास सरावाच्या जागेभोवतीचा कचरा उचलायला लावला. ही गोष्ट लीड्समध्ये सांगितली जाते ती संघाला शिक्षा केली म्हणून नव्हे. आपल्या तीन तासांची किंमत कुणीतरी मोजली, हे लोकांच्या मनाला भिडलं. तो राहायचा वेदरबी या छोट्या गावात, एका साध्या घरात, आणि थॉर्प आर्चच्या सरावाच्या मैदानावर पाठीला पिशवी अडकवून चालत जायचा. सामन्याच्या वेळी तांत्रिक चौकटीत एका उलट्या ठेवलेल्या निळ्या बादलीवर बसायचा. क्लबच्या दुकानात पुढे तशा बादल्या विकायला आल्या.

हे सगळं कुणाला दिखाऊ वाटू शकतं. म्हणून आणखी दोन प्रसंग सांगतो, ज्यांत त्याला किंमत मोजावी लागली. जानेवारी २०१९ मध्ये त्याचा एक माणूस डर्बी काउंटीच्या सरावाच्या मैदानाबाहेर टेहळणी करताना सापडला. बिएल्साने पत्रकार परिषद बोलावली, आपण प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा सराव असाच पाहिल्याचं कबूल केलं, आणि तासाभराहून जास्त वेळ आपली अभ्यासाची पद्धत पडद्यावर उलगडून दाखवली. क्लबला दोन लाख पौंड दंड झाला. तो त्याने स्वतःच्या खिशातून भरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्ध लीड्सने गोल केला तेव्हा व्हिलाचा एक खेळाडू मैदानावर जखमी होऊन पडला होता. मैदानावर हाणामारीची वेळ आली. बिएल्साने कडेवरून ओरडून आपल्या खेळाडूंना हुकूम दिला, त्यांना गोल करू द्या. लीड्सचे खेळाडू बाजूला उभे राहिले आणि व्हिलाने चालत जाऊन बरोबरी साधली. सामना १-१ सुटला, लीड्सची थेट बढतीची उरलीसुरली आशा तिथे संपली. प्लेऑफमध्ये डर्बीने त्यांना हरवलं आणि आणखी एक वर्ष दुसऱ्या विभागात काढावं लागलं. पोटच्या पोरासारखा जपलेला मोसम वाया गेला आणि तरी चाहते त्याच्यावर उलटले नाहीत. मला वाटतं, ज्या दिवशी त्याने तो गोल परत दिला त्या दिवशीच २०२२ चा गजर ठरून गेला होता.

आता खेळाबद्दल. बिएल्साचा संघ संपूर्ण मैदानभर माणसाला माणूस लावून खेळायचा. प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला प्रतिस्पर्ध्याचा एक खेळाडू, तो जाईल तिथे मागे जायचं. यात एकाने जरी आपला माणूस सोडला तर मागे मोठी भगदाडं पडतात. हे निभावायला शरीर तसं लागतं. त्यासाठी आठवड्यात एक दिवस न थांबता खेळायचा सराव असायचा. चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत, श्वास घ्यायला उसंत नाही. खेळाडूंनीच त्याला ‘मर्डरबॉल’ नाव दिलं. २०२१-२२ मध्ये कॅल्व्हिन फिलिप्स, लियम कूपर, पॅट्रिक बॅमफर्ड हे मुख्य खेळाडू दुखापतींनी बाहेर बसले. संघ लहान ठेवायचा हा बिएल्साचाच हट्ट, त्यामुळे त्यांच्या जागी कोवळी पोरं उतरवावी लागली. पद्धत मात्र त्याने सोडली नाही. टीकाकार म्हणाले, हा आडमुठेपणा आहे. खरंच आडमुठेपणा होता. चांगला बचाव करणारा मॅनेजर डिसेंबरमध्येच चार माणसं मागे ओढून बसला असता.

पण स्टँडमधून काय दिसत होतं? सहा गोल खाल्ल्यावरही धावणारे खेळाडू. घरी बसून टीव्हीवर फक्त निकाल आणि ठळक क्षण पाहणाऱ्याला ते दिसत नाही. कॅमेरा चेंडूमागे जातो. मैदानात बसलेल्याला चेंडूपासून पन्नास पावलं दूर, कुणी पाहत नसताना मागे धावत जाणारा पोरगाही दिसतो. पुण्या-मुंबईत मध्यरात्री जागून प्रीमियर लीग पाहणारे आपण एवढे तावातावाने मॅनेजर बदला म्हणतो, त्याचं एक कारण मला हे वाटतं. आपल्यापर्यंत निकाल पूर्ण पोचतो, कष्ट अर्धेच पोचतात.

आणि लीड्सच्या बाबतीत एक गोष्ट अशी घडली जी क्वचितच कुठे घडते. १६ वर्षांच्या वनवासानंतर जुलै २०२० मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला, तोही दुसऱ्या विभागाचा विजेता म्हणून, ९३ गुण मिळवून. तेव्हा कोव्हिडमुळे मैदानं बंद होती. त्या वर्षी क्लबच्या जुन्या वैभवाचे साक्षीदार नॉर्मन हंटर, ट्रेव्हर चेरी आणि जॅक चार्लटन हे तिघेही गेले. चार्लटन तर बढती पक्की व्हायच्या आठवडाभर आधी. पुढचा मोसम, २०२०-२१, प्रीमियर लीगमध्ये नववा क्रमांक, ५९ गुण, लिव्हरपूलच्या अँफिल्ड मैदानावर पहिल्याच सामन्यात ३-४ असा झुंजार पराभव. हे सगळं रिकाम्या खुर्च्यांपुढे झालं. मे महिन्यातल्या शेवटच्या घरच्या सामन्याला जेमतेम आठ हजार लोकांना आत सोडलं. म्हणजे ज्या माणसाने १६ वर्षांनी वर आणलं, त्याला समोर उभं राहून दाद देण्याची संधी बहुतेकांना मिळालीच नव्हती. मैदान पूर्ण भरलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि तेव्हापासून संघ हरायला लागला होता. त्यांच्या गळ्यात दोन वर्षांची अडकलेली दाद होती. ती त्यांनी वाईट दिवसांत दिली, कारण चांगले दिवस त्यांच्या वाट्याला घरात कोंडून आले होते.

म्हणून मी या निष्ठेला ऋण म्हणतो. आशा पुढे पाहते, ऋण मागे. तू जिंकशील म्हणून आम्ही तुझ्यासोबत आहोत असं म्हणणारा चाहता पराभवासरशी गळतो. तू आमच्यासाठी काय केलंस ते आम्हाला माहीत आहे असं म्हणणाऱ्याला एका पराभवाने काय, वीस गोलांनीही फरक पडत नाही.

ऋणाच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, सत्तेची. इंग्लंडच्या मोठ्या क्लबांमध्ये चाहत्याला मत नाही. मालक अमेरिकेत, आखातात किंवा इटलीत बसलेला असतो. तिकिटाचे दर तो ठरवतो, खेळाडू तो विकतो, मनात आलं तर क्लबही विकतो. खेळाडू दोन-तीन वर्षांत निघून जातात. क्लबमधला एकच माणूस दर आठवड्याला, सामन्याआधी आणि नंतर, पत्रकारांसमोर येऊन उत्तर देतो, आणि तो म्हणजे मॅनेजर. बिएल्सा मान खाली घालून, प्रत्येक प्रश्नाला लांबलचक उत्तर द्यायचा आणि पराभवाची जबाबदारी न चुकता स्वतःवर घ्यायचा. जो समोर येऊन हिशेब देतो त्याच्याशीच नातं जुळतं. त्याच्या नावाचा गजर हे मालकाला ऐकवण्याचं चाहत्याच्या हातातलं एकमेव साधन असतं. बिनमताच्या माणसाचं ते मतदान आहे.

हे खरं असेल तर निष्ठा कुठे टिकते आणि कुठे तुटते याचाही उलगडा व्हायला हवा. होतो असं मला वाटतं. डिसेंबर २०१५ मध्ये चेल्सीने जोसे मोरिन्योला काढलं तेव्हा आदल्या मोसमाचा विजेता संघ १६ पैकी नऊ सामने हरून सोळाव्या जागी होता. दोन दिवसांनी सुंदरलँडविरुद्धच्या सामन्यात स्टॅमफर्ड ब्रिजवर लोकांनी मोरिन्योचं नाव गायलं आणि डिएगो कोस्टा, सेस्क फाब्रेगास या आपल्याच खेळाडूंची हुर्यो उडवली. संघ त्या दिवशी जिंकला, तरी राग शमला नाही. लोकांच्या नजरेत खेळाडूंनी दगा दिला होता, मॅनेजरने नाही.

उलट उदाहरण आर्सेन वेंगरचं, आणि ते मला फार अस्वस्थ करतं, कारण आर्सेनलचे लोक ज्याला जितकं देणं लागत होते तितकं क्वचितच कुणी कुणाला लागत असेल. २००३-०४ मध्ये संपूर्ण लीग एकही सामना न हरता जिंकून दिलेला माणूस. तरी मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमविच इथे सामना चालू असताना आकाशात दोन विमानं फिरली. एकाच्या मागे वेंगर जावा असा फलक, दुसऱ्याच्या मागे आमचा त्याच्यावर विश्वास आहे असा. कुटुंबात फाळणी व्हावी तशी ती फाळणी होती. वेंगर हरत होता म्हणून ती झाली असं मला वाटत नाही. २०१४, २०१५ आणि २०१७ असे तीन एफए कप त्याने त्याच काळात जिंकले. पण नव्या मैदानाचं कर्ज, इंग्लंडमधली सर्वांत महागड्यांत मोडणारी तिकिटं, स्टॅन क्रोएन्केची थंड मालकी, या सगळ्याचं समर्थन वर्षानुवर्षं वेंगरच करत राहिला. पहिल्या चारांत येणं हेही एक विजेतेपद आहे असं तो म्हणू लागला. मालकाचा हिशेब त्याच्या तोंडून ऐकू यायला लागला तेव्हा अनेकांना तो पलीकडचा माणूस वाटू लागला. मला हा त्याच्यावर अन्याय वाटतो. मालकाची बाजू सावरून धरताना तो खरंतर क्लबच सावरत होता. पण लोकांना दिसत होतं ते एवढंच, की आपला माणूस आता आपल्याकडून बोलत नाही.

या सगळ्यावर एक कडक आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. निष्ठेने गुण मिळत नाहीत. लेस्टर सिटीचं बघा. २०१६ मध्ये ५०००-१ अशा भावाला क्लॉडिओ रानिएरीने त्यांना इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये संघ तळाच्या जागांपासून एका गुणावर असताना त्याला काढलं. पुढच्या सामन्याला लोक त्याचे मुखवटे घेऊन आले, त्याच्या नावाने गात राहिले. आणि संघाने त्याच सामन्यात लिव्हरपूलला ३-१ हरवलं. रानिएरीच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपिअरच्या हाताखाली लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले. मालक चूक होता असं कोण म्हणेल? लीड्सही बिएल्साला काढल्यावर जेसी मार्शच्या हाताखाली शेवटच्या दिवशी ब्रेंटफर्डला हरवून वाचलं.

याला अर्थशास्त्रज्ञांचं एक उत्तर आहे. बास तेर वेल या डच अभ्यासकाने नेदरलँड्सच्या पहिल्या विभागातले १९८६ ते २००४ या काळातले प्रशिक्षक बदल तपासले. घसरण झाल्यावर प्रशिक्षक बदलला की निकाल सुधारतात, हे दिसतंच. पण तशीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला त्यांचेही निकाल जवळपास तसेच सुधारतात. खड्ड्यात गेलेला संघ बहुधा बाहेर येतोच, आणि त्याचं श्रेय नव्या माणसाला मिळतं. हे उत्तर मला उपयोगी वाटतं, पण मी त्याच्या आधाराने माझी बाजू मांडणार नाही. लीड्स बिएल्साच्या हाताखाली वाचलं असतं का? कदाचित नसतंही. तेव्हाचा मालक आंद्रेआ राद्रिझानी याचा निर्णय गुणतक्त्याच्या दृष्टीने बरोबर असू शकतो हे मला मान्य आहे. मार्शला पुढच्या फेब्रुवारीत काढलं, त्याच मोसमात आणखी दोघे येऊन गेले आणि २०२३ मध्ये लीड्स खाली गेलंच, हेही मी राद्रिझानीविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. चाहते त्या दुपारी कुठलाही अंदाज वर्तवत नव्हते, म्हणून त्यांचा अंदाज चुकला असंही म्हणता येत नाही. क्लब खाली जाण्याची भीती आणि बिएल्सावरचं प्रेम या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकाच वेळी होत्या. मालकाला त्यातली एक निवडावी लागते, चाहत्याला नाही.

ब्रायन क्लफच्या शेवटाकडे पाहिलं की हे स्पष्ट होतं. १९९२-९३ च्या मोसमात, प्रीमियर लीगच्या पहिल्याच वर्षी, नॉटिंगहॅम फॉरेस्ट तळाला गेलं. क्लफ थकला होता, दारूने पोखरला होता, आणि संघ कसा सावरावा हे त्याला उमगत नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. १ मे १९९३ ला घरच्या मैदानावर शेफिल्ड युनायटेडकडून ०-२ असा पराभव झाला आणि फॉरेस्टची घसरगुंडी पक्की झाली. त्या दिवशी त्या मैदानाने त्याचं नाव गायलं. अठरा वर्षांपूर्वी दुसऱ्या विभागात चाचपडणारा क्लब हातात घेऊन त्याने तो युरोपच्या शिखरावर नेला होता. तिथून खाली आणणाराही तोच, हे गाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या गाण्यात उद्याची कसलीच अपेक्षा नव्हती, कारण उद्या तो असणारच नव्हता.

जर्मनीत लोकांच्या या भावनेला थोडी जागा आहे, कारण तिथल्या नियमानुसार बहुतेक क्लबांमध्ये मताधिकाराचा मोठा वाटा सभासदांकडे असतो. फ्रायबुर्गने फोल्कर फिंकेला १९९१ पासून १६ वर्षं ठेवलं. त्या काळात क्लब तीनदा खाली गेला, तरी त्याला काढलं नाही, आणि शेवटी तो जायची वेळ आली तेव्हा चाहत्यांनीच त्याच्यासाठी मोहीम उभी केली. त्याच क्लबने २०१५ मध्ये खाली गेल्यावरही ख्रिस्टियान श्ट्राइखला ठेवलं. पुढच्याच वर्षी तो संघाला वर घेऊन आला. फ्रायबुर्ग लहान क्लब आहे, त्याचं सगळं बायर्नला किंवा मँचेस्टरला लागू होईल असं मी म्हणत नाही.

पण डॉर्टमुंड लहान नाही. २०१४-१५ मध्ये युर्गन क्लॉपचा डॉर्टमुंड संघ फेब्रुवारीत घरच्या मैदानावर दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या आउग्सबुर्गकडून हरला आणि अठराव्या, म्हणजे अगदी शेवटच्या जागीच राहिला. त्या रात्री गोलरक्षक वाइडेनफेलर आणि कप्तान हुमेल्स प्रेक्षकांच्या जाळीपाशी गेले आणि त्यांच्याशी बोलले. संघ सावरून सातवा आला. एप्रिलच्या मध्याला क्लॉपने मोसमाअखेर जात असल्याचं जाहीर केलं, आणि मे महिन्यात शेवटच्या घरच्या सामन्याला पंचवीस हजारांच्या उभ्या स्टँडने त्याला निरोप दिला. त्याची सात वर्षं, दोन लीग विजेतेपदं आणि शेवटचं फसलेलं वर्ष, हे सगळं त्या एका दुपारी चुकतं झालं.

लीड्सच्या वाट्याला रविवारचं एक निवेदन आलं. मार्श आल्यावरही बिएल्साचं नाव स्टँडमधून ऐकू येत राहिलं, आणि बिचाऱ्या मार्शला त्याचा त्रास झाला. त्यात नवल नाही. देणं फेडायची जागाच ठेवली नाही तर लोक ते मिळेल तिथे फेडतात. मॅनेजरला काढण्याचा अधिकार मालकाचा आहे, तो राहू दे. पण ज्याने क्लबला वर्षानुवर्षं काही दिलं त्याला घरच्या मैदानावर एकदा उभं करायची जबाबदारीही त्याच मालकाची मानली पाहिजे, आणि चाहत्यांच्या संघटनांनी ती मागणी तिकीटदरांइतक्याच गांभीर्याने लावून धरली पाहिजे. लीड्सला ते अवघड नव्हतं. एलंड रोडवरचा पुढचा सामना १० मार्चला होता, तोही ॲस्टन व्हिलाशी, ज्यांना बिएल्साने तीन वर्षांपूर्वी गोल परत दिला होता. सामन्याआधी दहा मिनिटं त्याला मैदानाच्या मध्यावर बोलवायला कुणाची हरकत होती, हे क्लबने अजूनही सांगायला हवं.